गुडघे कसे हायत?

"माणसं किती ते मागनं सांगा, ताई. गुडघे कसे हायत?"

गाडी ठरवायला फोन केला की आमच्या ड्रायव्हरचा पहिला प्रश्न हा असायचा. तारीख नाही, वेळ नाही, कुठे जायचंय तेही नाही. घरात सगळ्यांत मोठं माणूस कोण, काठी घेतं का, मांडी घालून बसता येतं का. मग सगळ्यांत लहान कोण, ते गाडीत ओकतं का. एवढं कळल्याशिवाय तो 'येतो' म्हणत नसे. मी जन्मभर एका वर्तमानपत्राला जिल्ह्याच्या बातम्या दिल्या. इतकी नेमकी प्रश्नावली फार थोड्या बातमीदारांकडे पाहिली, आणि इतकी वैताग आणणारी एकाकडेही नाही.

पेण ते रोहा या पट्ट्यात तुमचं जाणंयेणं असेल तर त्याची गाडी तुम्ही पाहिली असेल. पांढरी, आठ माणसांची, आणि टपावर उलटी बांधलेली एक प्लास्टिकची खुर्ची. मूळ रंग लाल, उन्हाने झालेला गुलाबी. लोक हसायचे. तो म्हणायचा, "तुमचे पाय जाग्यावर हायत म्हणून हसताव."

तो खाडीकाठच्या खारेपाटातला. वडील मिठागरावर, हा मात्र स्टिअरिंगवर. अंग काटकुळं, खांद्यावर टॉवेल, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता पायांकडे पाहायची सवय.

दर डिसेंबरात अकोल्याहून माझा मोठा भाऊ कुटुंबासह येतो. दादा, वहिनी, मुलगा, सून, नात छोटी. आणि आत्या. आत्या पहिल्यांदा आली तेव्हा ब्याऐंशीची होती. तिने आयुष्यात समुद्र एकदा पाहिला होता आणि डोंगर कायम लांबून. चार दिवसांत सगळ्यांना आवडेल असं काय दाखवायचं, हा प्रश्न माझ्यावर येतो. कारण मी इथली. पाहुण्यांना वाटतं, इथे राहणाऱ्या माणसाने इथलं सगळं पाहिलेलं असतं.

पहिल्या वर्षी मी रीतसर यादी केली. सात ठिकाणं, अंतरं, वेळा. त्याने यादी हातात घेतली, आत्याच्या पायांकडे पाहिलं आणि अंगठ्याच्या नखाने एकेका ओळीवर रेघ ओढत गेला.

"हा नाय. हा नाय. हित चढ हाय. हित सावली नाय. हित बाथरूमला कुलूप असते."

सातांतली दोन उरली.

दादा म्हणाला, "अहो, आत्या गाडीत बसेल की. तिची काही हरकत नाही."

"मले काय," आत्या म्हणाली. "मी बसते. तुम्ही जाऊन या."

"माझ्या गाडीत कोण बसून राहणार नाय," तो म्हणाला. "उतरतील तर सगळी. नाय तर कोणच नाय."

आणि हे तो पाळायचा. आम्ही काय काय पाहिलं ते सांगते. गणपतीचा एक कारखाना पाहिला, कारण तिथे उंबरठासुद्धा नव्हता. पुढच्या वर्षी तोच कारखाना पाहिला. तिसऱ्या वर्षी पुन्हा. छोटीने सलग तीन हिवाळे एकच उंदीर रंगवला. तिथल्या कारागिराने तिच्यासाठी तो वेगळा काढून ठेवायला सुरुवात केली होती. मिठागर पाहिलं, कारण ते सपाट. गडब गावाच्या अलीकडे हायवेलगत एक घर पाहिलं, कारण तिथलं बाथरूम स्वच्छ होतं.

त्या घराबद्दल सांगायलाच हवं. तो अंगणात गाडी लावायचा आणि आत हाक घालायचा, "गो वैनी, पाव्हणी हायत. बाथरूम मोकला हाय ना?"

"तुजी पाव्हणी कधी नसतात रं?" आतून आवाज यायचा. "कुणाचं म्हातारं आणलंस आज?"

"अकोल्याचं."

पाच मिनिटांचं काम. पण वैनी चहा ठेवायची, आत्या ओटीवर बसायची आणि दोघींचं वालावर सुरू व्हायचं. वाल भुंगा न लागता कसे ठेवायचे, यावर अकोला आणि गडब यांची मतं वेगळी होती. त्यात पाऊण तास जायचा. मी घड्याळ लावून पाहिलेलं आहे. दादा अंगणात येरझाऱ्या घालायचा. ड्रायव्हर मात्र गाडीला टेकून उभा, अगदी निवांत. "बसू द्या ना, सायेब. आजी रंगात आलीया."

पोपटीचीही तीच तऱ्हा. आमच्याकडे हिवाळ्यात मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला भरतात, मडकं शेतात उपडं ठेवून भोवती जाळ करतात. ही पोपटी अंधार पडल्यावर, थंडीत, गप्पा मारत करायची गोष्ट. याने रोह्याजवळच्या एका ओळखीच्या शेतात ती भर दुपारी दोनला लावली. बांधावरून जाणारे थांबून विचारायचे, "दुपारची पोपटी कोण लावते रं?"

"आजीला दव सोसत नाय."

वर ऊन, समोर जाळ. दादाचा शर्ट पाठीला चिकटला होता. आत्या मात्र शेतात गुलाबी खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून देत होती.

चौथ्या वर्षी दादाचा संयम संपला. त्याला कुड्याची लेणी पाहायची होती. रोह्याच्या पुढे, खाडीच्या वरच्या डोंगरात. पहिल्या यादीत तीच पहिल्या क्रमांकावर होती आणि तिच्यावरच पहिली रेघ पडली होती.

"पायऱ्या पाचशे," ड्रायव्हर म्हणाला. "आजीला जमायची नायत."

"म्हणून आम्ही कोणीच कधी जायचं नाही?"

"जा की. माझी गाडी नाय तर दुसरी असतेच."

मी मध्ये पडले. सरळ विचारलं, "तुमचा हा हट्ट नेमका कशासाठी?"

त्याने माझ्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाला, "ताई, बावीस वर्षं मी खाली बसून हाय. वर गेलेली माणसं मला म्हाईत नायत. मला गाडीत राहिलेली म्हाईत हायत. आधी सांगतात, मला काय, मी बसते. मग काच खाली करतात. मग विचारतात, किती वेळ झाला रं? मग गप. आणि वरची खाली आली की सगळी एकच बोलतात, काय नव्हतं वर, नुसते दगड."

मला ते पटलं असं म्हणता येणार नाही. मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला न कळवता दुसरी गाडी केली.

लेणी उत्तम आहेत. आम्ही दीड तास वर होतो. मी पायऱ्या मोजल्या, त्याच्या पाचशेच्या निम्म्याही भरल्या नाहीत. हा मुद्दा त्याच्यासमोर मांडायचा, असं मी उतरतानाच ठरवलं.

खाली आलो तर नव्या गाडीचा ड्रायव्हर सीट मागे पाडून कानात वायर घालून झोपला होता. आत्या खिडकीशी. काच खाली. मांडीवरच्या बटव्याची नाडी तिने सोडून पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.

"काय होतं रे वर?" तिने विचारलं.

दादाचा आत्यावर जीव आहे. तिला वाईट वाटू नये म्हणूनच तो म्हणाला, "काही नाही गं आत्या. नुसते दगड."

"मंग येवढा येळ?"

छोटीने "हत्ती होते" म्हणायला तोंड उघडलं, तर तिच्या आईने तिला पाण्याची बाटली दिली. परतताना गडबचं ते घर मागे गेलं. आत्याने मान वळवून पाहिलं, थांबा म्हणाली नाही.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. दुसऱ्या गाडीची बातमी त्याला आधीच लागली होती. मी आकडा सांगितला.

"पाचशे नाहीत. निम्म्याही नाहीत. तुम्ही स्वतः कधी चढलात?"

"मी कसा चढणार? खाली कोणतरी असतेच."

"मग पाचशे कुठून आणलेत?"

"येणारा जाणारा सांगतो ना."

म्हणजे असं होतं. बावीस वर्षं हा माणूस धापा टाकत खाली आलेल्यांना विचारत होता, पायऱ्या किती. आणि दमलेली माणसं तोंडाला येईल तो आकडा सांगत होती. त्या आकड्यांवर त्याने माझी यादी कापली होती. कोणताही उपसंपादक अशा माहितीवर दोन ओळीही छापू देणार नाही, असं मी त्याला ऐकवलं. उपसंपादक म्हणजे काय हे त्याला माहीत नसावं. तो बोटांवर काहीतरी हिशेब करत होता.

"निम्म्या म्हंजे अडीचशेच्या आत," तो म्हणाला. "पंधरा-पंधरावर खुर्ची ठेवली तर?"

"तर काय?"

"आजी उद्या हाय ना हितं?"

अकोल्याची गाडी परवाची होती.

सकाळी सातला निघालो, ऊन चढायच्या आत. दादा दुसऱ्यांदा तोच डोंगर चढायला तयार नव्हता. आला तो आत्याचा हात धरायला. पंधरा पायऱ्या, खुर्ची. पुन्हा पंधरा, खुर्ची. खुर्ची उचलून वर पळायचं, पायरीवर नीट टेकवायची, एक पाय अधांतरी राहिला तर खाली दगड सारायचा आणि मागून दोन्ही हातांनी धरून ठेवायची, हे सगळं त्याने एकट्याने केलं. दादाने हात पुढे केला तर, "तुम्ही आजीला धरा. खुर्ची माझी हाय." वरून उतरणारी एक सहल आम्हाला वाट द्यायला कडेला थांबली. त्यांतलं कोणीतरी म्हणालं, "अजून खूप आहेत हो आजी, पाचशे तरी."

तो गर्रकन वळला. "मोजल्यात?"

मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

वर पोचायला पावणेदोन तास लागले. आत्या लेण्याच्या ओसरीत खुर्चीवर बसली. समोर दगडात कोरलेला हत्ती. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"येवढ्या लांबून हत्ती पाह्याले आणलं का रे मले?" ती दादाला म्हणाली. पण उठून गेली, त्याच्या झिजलेल्या अंगावर हात ठेवून उभी राहिली आणि बराच वेळ तो काढलाच नाही.

मी वळून त्याला शोधलं. तो बाहेर कडेला उभा होता, आमच्याकडे पाठ करून. खाली झाडी, शेतं, त्यापलीकडे खाडीचं पाणी पसरलेलं, भरती होती. आपली गाडी ठिपक्याएवढी. तो तिच्याकडे पाहत होता की पाण्याकडे ते सांगता येत नव्हतं. टॉवेल हातात, तोंड न पुसलेलं.

"काय नव्हतं म्हनं वर," तो म्हणाला. मला नव्हे. "बावीस वर्षं. खोटारडी सगळी."

मग ओसरीत येऊन, खाली वाकून त्याने खुर्चीचे पाय टॉवेलने पुसले. उतरायला दोन तास लागले.

आत्या त्यानंतर आली नाही. अकोल्याहून फोनवर ती हत्तीची चौकशी करते, जसा काही तो आमच्या अंगणात बांधलेला आहे. गेल्या वर्षी त्यानेही गाडी सोडली. कारण विचारलं तर गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "ह्ये." गाडी विकली, खुर्ची ठेवली. ती आता त्याच्या दारात सुलटी असते आणि तो तिच्यात बसलेला असतो. काठी घेतो. मांडी घालून बसता येत नाही.

या डिसेंबरात दादा आला तेव्हा एका नव्या डोंगरावर जाताना आम्ही आमच्या या जुन्या ड्रायव्हरलाही न्यायला गेलो होतो. तो नाही म्हणाला. "जा तुम्ही. मी बसतो." मला ते वाक्य ओळखीचं होतं, पण त्या वाक्यापुढे हट्ट कसा धरायचा हे तो एकटाच जाणत होता.

परतताना मी गाडी त्याच्या दारात थांबवली. दमले होते, चहा हवा होता. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं.

"काय होतं, ताई?"

मी खाली ओट्यावर बसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. रस्ता कसा होता, सावली कुठे होती, बाथरूमला कुलूप होतं की नाही. कोण दमलं, छोटी कुठे घसरली, वरून काय दिसत होतं, पाण्याचा रंग कोणता. वर्तमानपत्राच्या डेस्कला फोनवरून मजकूर सांगायचे तसं, काही न गाळता. सांगायला अर्धा तास लागला. दादा गाडीत घड्याळ पाहत होता.

शेवटी तो म्हणाला, "पायऱ्या?"

मी आकडा सांगितला.

"मोजल्याव?"

"दोनदा," मी म्हटलं. "चढताना आणि उतरताना."