धरण चढणारी लाँच

धरणात गाळ साठतो, तसे धरणावरच्या माणसांत किस्से साठतात. गाळ काढायला मशिनरी लागते. किस्से काढायला एक कप चहा पुरतो! सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला राहुरीकडच्या एका धरणावर मी ओव्हरसिअर होतो. तिथली खात्याची लाँच आठवली की अजून हसू येतं.

लाँच वर पाण्यात आणि दुरुस्तीचं वर्कशॉप खाली पायथ्याशी. मध्ये मातीचं आडवं धरण! म्हणून आमच्या जोशीसाहेबांनी दोन्ही उतारांवर रूळ टाकले आणि माथ्यावर विजेचं विंच बसवलं. लाँच ट्रॉलीवर घ्यायची, दोरानं वर ओढायची, पलीकडे उतरवायची. आमची गावठी शिप-लिफ्टच ती!

०००

लाँच आली रत्नागिरीहून, ट्रकवर. साल दुष्काळाचं. विहिरी कोरड्या ठाक. नगरच्या बाजारात ट्रकभोवती ही गर्दी! तिसगावचा एक शेतकरी बराच वेळ लाँचकडे बघत उभा राहिला आणि बाजार अर्धा टाकून तडक एसटी स्टँडकडे निघाला.

कुणीतरी विचारलं, "का वो, एवढी घाई?"

"आरं, घरावर पत्रं टाकायचं राह्यलंत! सरकारनं बोटी काढल्यात, म्हंजे पाऊस लई मोठा येनार!"

०००

जोशीसाहेबांना परदेशी मासिकं वाचायचा नाद. एकदा त्यांनी आम्हाला फोटो दाखवला. तिकडे म्हणे अख्खं जहाज पाण्याच्या हौदासकट उचलून धरणापार नेतात. आणि गंमत म्हणजे, जहाज आत असो वा नसो, काठोकाठ भरलेल्या हौदाचं वजन तेवढंच!

"आसं कसं हुईल?" आमचे विंचवाले रामभाऊ हटून बसले.

साहेबांनी स्टोअरमधला काटा मागवला. बादली काठोकाठ भरून वजन केलं. मग तिच्यात हलकेच एक लाकडाचा ओंडका तरंगत सोडला. पाणी सांडलं, ओंडका डुलायला लागला, आणि काटा जागच्या जागी! साहेब विजयी मुद्रेनं बघायला लागले. रामभाऊ बादलीभोवती एक फेरी मारून आले.

"पटलं सायेब. आज घरी सांगतो बायकोला. रोज आडावरनं येताना डोक्यावर हंडा आन् कडंवर पोरगं घेऊन दमती. त्यापरीस पोरगं हंड्यातच बसव म्हनावं!"

०००

पुण्याचे मोठे साहेब इन्स्पेक्शनला आले. "मी लाँचमध्ये बसूनच धरण चढणार," म्हणाले. बसले. हॅट, काळा चष्मा, हातात फाइल. लाँच अर्ध्या उतारावर आली आणि लाइट गेली!

ब्रेक घट्ट लागला, धोका काही नव्हता. पण साहेब लाँचमध्ये अधांतरी, खाली कडक उन्हात तापलेले दगड, आणि पाणी तर तळाशी गेलेलं. आम्ही शिडी शोधायला पळालो. तेवढ्यात मेंढरं घेऊन एक धनगरबाबा तिथून चालले होते. ते थांबले. आधी लाँचमधल्या साहेबांकडे बघितलं, मग लांब खाली पाण्याकडे, मग पुन्हा साहेबांकडे.

हळहळून म्हणाले, "सायेब, लईच दिवस बसलात वाटतं!"

०००

लाँच चालवायला धोंडू तांडेल होते, रत्नागिरीचे. माथ्यावरून रस्ता जायचा. तिथे ट्रॉली पोचली की तांडेल लांबलचक भोंगा द्यायचे.

मी म्हटलं, "तांडेल, इथे भोंगा कशाला?"

"समोरसून दुसरी बोट आली तर?"

आम्ही पोट धरून हसलो. पुढच्याच आठवड्यात भोंगा झाला आणि समोरून कडब्याची बैलगाडी आली. गाडीवान लाँच बघून तसूभरही दचकला नाही. कासरा ओढून ओरडला,

"डाव्या अंगानं घ्या की राव!"

०००

पुढच्या वर्षी पाऊस झाला, धरण भरलं. एका दुपारी तांडेल फुल स्पीडमध्ये आले. लाँचमध्ये पलीकडच्या काठावरची एक दिवस भरलेली बाई आणि तिची सासू. कळा सुरू झालेल्या. दवाखाना धरणाखाली कॉलनीत. खाटेवर घालून तिला त्या निसरड्या दगडांवरून चढवायची कुणाची हिंमत होईना. जोशीसाहेब एकच म्हणाले, "लाँचसकट घ्या!"

रामभाऊंनी विंच असं चालवलं, की वाटावं ट्रॉलीत काचेची भांडी भरलीत. आम्ही दोन्ही बाजूंनी लाँचला हात लावून चढत होतो. माथ्यावर पोचलो आणि आतून म्हातारी ओरडली, "थांबवा रं! आता हितंच!"

ब्रेक लागला. मी कॉलनीकडे धावलो. नर्सबाई धापा टाकत वर आल्या, लाँचमध्ये चढल्या, आणि आम्ही सगळे पाठ करून पाण्याकडे बघत उभे राहिलो. रामभाऊंनी मात्र ब्रेकचा दांडा सोडला नाही.

मग रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत! तांडेलांनी आनंदानं भोंगा दिला, तर बाळ त्याहून मोठ्यानं रडलं.

"मुलगी," नर्सबाई म्हणाल्या. "दोघी सुखरूप. जन्माचं गाव कोणतं सांगायचं?"

म्हातारी बाळ पुसता पुसता म्हणाली, "गाव? आमचं गाव तर तुमच्या ह्या पान्याखाली हाय. तुमीच सांगा आता."

जोशीसाहेबांनी मान खाली घातली.

तेव्हा तांडेल म्हणाले, "बोटीत झालेलं पोर बोटीच्या बंदराचं. बोट रत्नागिरीची. रत्नागिरी सांगा!"

म्हातारीनं त्यांच्याकडे निरखून बघितलं.

"तिकडं बी पानी येतं का रं गावात?"

"येतंय गो आजी," तांडेल म्हणाले. "रोज येतंय. पन परत जातंय!"