दुसरा उमेदवार

आमच्या संस्थेचा एक नियम आहे. कुठल्याही पदाला एकच उमेदवार चालत नाही, निदान दोन हवेत. नियम करणारी माणसं भाबडी असावीत. न्यूट्रॉनचा मारा करून पदार्थांच्या पोटात काय चाललंय ते पाहणारे आम्ही लोक, सबंध नॉर्वेतले गोळा केले तरी एक बरंसं भोजनगृह भरत नाही. त्यात खुर्चीची हौस असलेला एक मिळाला तरी नशीब. दुसरा आणायचा कुठून?

तर दुसरा म्हणजे एइविन्द.

एइविन्द ट्वाइत हा होड्या बांधणाऱ्याचा मुलगा. पश्चिमेकडच्या फ्योर्डवरून, डोंगरांत शिरलेल्या खाडीकाठून, तरुणपणी आमच्या गावातल्या अणुभट्टीवर कामाला आला आणि एका यंत्रापाशी बसला तो बसलाच. कुठलीही पूड त्या यंत्रात ठेवा, तिच्यातले अणू कसे रचलेत ते तो शांतपणे काढून देणार. त्याने कधी कुणाचं घोडं मारलं नाही. लग्न केलं नाही, कारण त्यासाठी मुलीला विचारावं लागतं आणि तेवढं बोलणं त्याला झेपलं नसावं. दुपारी कागदात बांधून आणलेले पावाचे तुकडे आणि तपकिरी चीज खायला तो माझ्यासमोर बसे. शेजारच्याच यंत्रावर माझी अर्धी हयात गेली, पण त्याची सगळी वाक्यं जमवली तर एक पोस्टकार्डही भरायचं नाही.

त्याचा एक 'हं' मात्र होता. आमच्याकडे पुष्कळ जण होकार देताना श्वास बाहेर न सोडता आत ओढतात. एइविन्दचं ते टोकाला गेलेलं. नवख्या माणसाला वाटावं, याला चटका बसला की काय.

निवडणूक समितीचा हाल्वर दरवर्षी येऊन त्याच्या पाठीवर थाप मारी.

"काय एइविन्द, यंदाही उभा राहतोस ना? घाबरू नकोस, निवडून येणार नाहीस!"

"हं."

आणि तो इमानेइतबारे पडे. चिटणीसपदाला पडला, खजिनदारपदाला पडला, अध्यक्षपदाला तर कितीदा पडला ते मला आठवत नाही. पडल्यावर जिंकणाऱ्याशी हस्तांदोलन करून जाळीदार गोड वाफल खायला जाई.

पण त्या वर्षी गोष्ट वेगळी होती. सरकारच्या मनात आमची भट्टी बंद करायचं होतं. शरदात मंत्रालयात सुनावणी होणार होती आणि आमच्या बाजूने एकालाच बोलता येणार होतं, संस्थेच्या अध्यक्षाला. उभी राहिली सुन्निवा. एइविन्दचीच विद्यार्थिनी, आता स्वतःचा गट असलेली, आणि बोलायला लागली की दगडालाही मान डोलवायला लावणारी. ती अध्यक्ष होऊन तिथे उभी राहिली तर भट्टी वाचायची आशा होती, हे आम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. एइविन्द तर इतका खूश की एका दुपारी पाव खाली ठेवून आपणहून बोलला.

"सुन्निवा बोलेल."

"आणि तू पडशील," मी म्हणाले.

"हं," तो म्हणाला आणि हसला. त्याला असं हसताना मी क्वचितच पाहिलं होतं.

वार्षिक सभा डोंगरातल्या एका हॉटेलात होती. सुन्निवा बोलली तेव्हा खाणाऱ्यांचे हात थांबले. मग एइविन्दची पाळी. तो उठला, कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "सुन्निवाला मत द्या." आणि बसला. सगळे हसले, टाळ्या झाल्या. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "किती गोड माणूस आहे गं हा!" मला तेव्हाच शंका आली होती, पण माझ्या शंकेला कोण विचारतो?

चिठ्ठ्या टाकल्या. हाल्वरने मोजल्या, पुन्हा मोजल्या, मग चष्मा पुसून परत मोजल्या. मग म्हणाला, "अध्यक्ष... एइविन्द ट्वाइत."

क्षणभर कुणाला काही समजेना. मग टाळ्या सुरू झाल्या आणि सगळे उभे राहिले. एइविन्द हात वर करून "नाही, पण..." म्हणत होता. टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. त्याला पहिली मिठी सुन्निवाने मारली.

कॉफीच्या वेळी एकेक जण तोंड उघडायला लागला.

"मी म्हटलं, सुन्निवा येणारच आहे, बिचाऱ्याला एखादं तरी मत पडू दे."

"अरे, मीही तेच केलं."

"तूसुद्धा?"

हयातभर मोजमापातल्या चुकांचा हिशेब करणारी ही माणसं! प्रत्येकाने दया केली आणि प्रत्येकाला वाटलं, दया करणारा आपण एकटेच. मला त्या सगळ्यांना एका पोत्यात घालून बडवावंसं वाटलं.

"राजीनामा देऊन टाक ना," मी एइविन्दला कोपऱ्यात गाठून म्हणाले.

त्यानेही तोच विचार केला होता. हाल्वरने नियम काढून दाखवला. अध्यक्ष गेला तर पुढच्या वार्षिक सभेपर्यंत खुर्ची रिकामी, आणि रिकाम्या खुर्चीला मंत्रालय बोलावत नाही. हात पुरता दगडाखाली सापडला होता.

मग उन्हाळाभर सुन्निवा त्याला शिकवत राहिली. एकेकाळी त्याने तिला यंत्र शिकवलं होतं, तसंच, न कंटाळता. भाषण तिने लिहून दिलं. ते तो वाचू शकत होता. भीती प्रश्नाची होती.

"ते विचारणार, हे काम परदेशात जाऊन करता येणार नाही का? तेव्हा काय म्हणायचं?"

"हं."

"हं नाही रे एइविन्द! 'हो, पण'. हो, पण तिथे यंत्रावर नंबर यायला महिनोन्‌महिने लागतात. हो, पण मग आपली पोरं हाताने काम कुठे शिकणार? 'पण' विसरायचा नाही."

"पण," एइविन्द म्हणे, आणि कपाळावरचा घाम पुसे.

सुनावणीला मी आणि सुन्निवा मागच्या बाकावर होतो. त्याने भाषण नीट वाचलं, भिंतीकडे बघत, पण नीट. मग मधल्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं, अगदी सौम्यपणे विचारलं, "ट्वाइत, तुमची ही मोजमापं शेजारच्या देशातल्या केंद्रात जाऊन करता येतील का?"

करता येतीलच. हे खरंच होतं, आणि खोटं बोलणं त्याला येत नव्हतं. त्याने श्वास आत ओढला.

"हं."

सुन्निवाने माझं मनगट धरलं. बाई थांबल्या. त्या भल्या होत्या, बराच वेळ थांबल्या. एइविन्दचे ओठ हलत होते. त्या 'पण'चा पहिला आवाजसुद्धा बाहेर येईना. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मागच्या बाकांना बोलायची मुभा नव्हती. बाईंनी मान डोलावली, काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "आभारी आहे."

बाहेर आल्यावर सुन्निवा त्याला म्हणाली, "छान वाचलंस." तिला तरी दुसरं काय म्हणता येणार होतं?

हिवाळ्यात भट्टी थंड झाली. एइविन्दने यंत्रावर स्वतःच्या हाताने कापड घातलं, कोपरे नीट दुमडले. सुन्निवा स्वीडनला गेली. त्याला कुणी एका शब्दाने दोष दिला नाही. मला वाटतं, दिला असता तर त्याचा जीव थोडा हलका झाला असता. तो तरीही रोज येऊन माझ्यासमोर पावाची पुडी सोडायचा, मात्र अर्धा तसाच गुंडाळून परत न्यायचा.

पुढच्या सभेत त्याची मुदत संपत होती. त्याच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला. हाल्वर त्याला तहहयात सन्माननीय सदस्य करणार, हे त्याच्या कानावर आलं होतं.

"गुनवोर, नको म्हणून सांग ना त्यांना."

इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी तडक हाल्वरकडे गेले.

"त्याला नकोय रे."

"लाजतोय गं तो! आपण एइविन्दला काय आज ओळखतो? इतकं सोसलं बिचाऱ्याने, एवढं तरी करू या."

"हाल्वर, अरे, हीच दया..."

"बघ तू, किती खूश होईल!"

सभेत सगळे हात वर गेले. सुन्निवा मुद्दाम स्वीडनहून आली होती, तिचाही गेला. आजूबाजूचे माझ्याकडे बघायला लागले. एकटीचा हात खाली राहिला असता तर सभेला वाटलं असतं, भट्टीचा राग मी त्याच्यावर काढतेय, आणि सगळ्यांसमोर ते एइविन्दलाच सोसावं लागलं असतं. मी हात वर केला.

"एइविन्द, स्वीकारतोस ना?" हाल्वरने विचारलं.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, आणि श्वास आत ओढला.