नो खाव साली!

पासपोर्ट हातात आले त्या रात्री मला झोप लागली नाही. विमानाची भीती नव्हती. सोया सॉसमध्ये गहू असतो, हे नुकतंच वाचलं होतं! आणि आम्ही निघालो होतो बँकॉकला, जिथे म्हणे पाण्याखालोखाल सोया सॉसच लागतो.

आमच्या आठ वर्षांच्या अन्वीला सिलिअॅक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन तिला चालत नाही. गहू, मैदा, रवा, काहीही पोटात गेलं की पोट फुगतं, दुखतं. मागे अर्ध्या समोशापायी आठवडाभर शाळा बुडाली होती. अशा मुलीच्या आईकडे किस्से साठतात ते स्वयंपाकघरातल्या कॅरीबॅगांसारखे. एक ओढावी तर पाच खाली पडतात!

* * *

वर्ध्यात मी एक युक्ती काढली होती. हॉटेलात 'ग्लुटेन' म्हटलं की वेटर मालकाकडे बघतो आणि मालक पंख्याकडे. 'उपवास आहे' म्हटलं की लगेच समजतं!

एकदा तसंच सांगितलं. वेटर हळहळला, "एवढ्याशा लेकराले उपास?" मी नवसाचं काहीतरी पुटपुटले. तो साबुदाणा आणायला वळला, तेवढ्यात अन्वी ओरडली, "मला वरण-भात!"

वेटर थबकला. "म्याडम, आज कोनता वार हाय?"

* * *

बाकीची मुलं गोष्टींची पुस्तकं वाचून वाचायला शिकली. आमची पुड्यांच्या पाठी वाचून! एसटीत शेजारच्या काकूंनी प्रेमानं बिस्किटं पुढे केली. अन्वीनं पुडा उलटा केला, बोट फिरवत वाचला आणि परत दिला.

"मैदा आहे काकू. तुम्ही पण जपून खा!"

काकूंनी सेलू येईपर्यंत पुडा उघडला नाही.

* * *

माझ्या सासूबाई, म्हणजे अन्वीची आजी, केळझरहून खास आमच्यासोबत बँकॉकला निघाल्या. मी ज्वारीचं पीठ घेतलं होतं. नागपूर विमानतळावर तपासणीवाल्यानं ती पिशवी वर धरली. "ये क्या है?"

मी तोंड उघडायच्या आत आजी म्हणाल्या, "ज्वारी हाय बाप्पा! तुमच्या घरी कोनी भाकर नाई करत का?"

त्यानं पिशवी हलकेच खाली ठेवली. बहुतेक करत नसावेत.

* * *

बँकॉकच्या हॉटेलातल्या रिसेप्शनिस्टनं मला थाई भाषेत कार्ड लिहून दिलं: गहू नको, सोया सॉस नको. थाईत गव्हाला 'खाव साली' म्हणतात. मी ते पाठ केलं. पहिल्याच जेवणाला हात जोडून, कार्ड दाखवून वेट्रेसला म्हटलं, "नो खाव साली! नो खाव साली!"

आजींनी माझा दंड धरला. "मीनल! भल्या घरची पोरगी दिसते, तिले साली काऊन म्हनून राह्यली?"

एवढ्यानं भागलं नाही. थाईत नुसतं 'खाव' म्हणजे भात. माझा उच्चार असा दिव्य, की त्या पोरीनं कार्ड बाजूला ठेवलं, अदबीनं मान झुकवली आणि अन्वीच्या पुढ्यातला भातच उचलून नेला!

नवरा म्हणाला, "तू आता काही बोलू नको. पाणीही नेतील."

* * *

चौथ्या दिवशी मात्र एका गल्लीत छोटी खानावळ सापडली. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी कार्ड दोनदा वाचलं आणि मला हाताला धरून आत नेलं. कढई माझ्यासमोर घासली, सोया सॉसची बाटली वरच्या फळीवर ठेवली, मीठ घालून अंडा-भात परतला. अन्वीनं दोन ताटल्या संपवल्या. मी काही न खाता तिच्या तोंडाकडे बघत बसले होते.

बाई काहीतरी म्हणाल्या. गल्ल्यावरच्या मुलीनं इंग्रजीत सांगितलं, "त्या विचारतात, हिची आई कधी जेवणार?"

मी मान खाली घातली आणि जेवले.

* * *

त्याच संध्याकाळी अन्वी पोट धरून बसली! पहिला संशय कुणाचा यावा? त्याच बाईंचा. कढई नीट घासलीच नसेल! डोळ्यांनी पाहिलं होतं, तरीही.

"घाबरू नको," आजी म्हणाल्या. "परवापासून रोज देऊन राह्यली न मी तिले हिंगाचं पानी. आताही देतो." त्यांनी पिशवीतून हिंगाची डबी काढली.

अन्वीनं सवयीनं ती हातात घेऊन उलटी केली. बोट फिरवलं. "डिंक... हिंग... मैदा."

घरी मी बिनमैद्याचा खडा हिंग वापरते. का, ते केळझरला कधी सांगितलंच नव्हतं.

वर्ध्याला डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पाणी पाजा, हिंग बंद करा, उतरेल. पण आजी पलंगाच्या कडेला बसून पदरानं डोळे पुसत होत्या. "माह्याच हातानं... माह्याच हातानं पाजलं मी लेकराले."

अन्वी पोट धरूनच सरकत त्यांच्याजवळ गेली.

"रडू नको ना आजी," ती म्हणाली. "आईनं तुले कुठं कार्ड दाखवलं होतं?"