फक्त चढणारी लिफ्ट

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांना अख्खी इमारत कात्रीभाऊ म्हणते. तोंडावर नाही हो! तोंडावर 'भाऊसाहेब'. त्यांची सगळी नोकरी सरकारच्या अर्थखात्यात गेली. एखाद्या कार्यालयाने पंखे मागितले की हे विचारणार, 'खिडक्या नाहीत का?' खिडक्या मागितल्या की, 'पंखे आहेत ना?' निवृत्त झाले, तरी हात शिवशिवायचे थांबेनात. घरात कापाकापी करायची सोय नव्हती, कारण घर वहिनींच्या ताब्यात. वहिनी शाळेत खेळाच्या बाई होत्या. शाळा सुटली, गळ्यातली शिट्टी सुटली नाही.

रोज संध्याकाळी बातम्यांत सरकारची तूट निघाली की त्या घरात दोन पक्ष पडायचे. आम्ही आपला टीव्ही बंद करून दार किलकिलं ठेवायचो. फुकटची करमणूक कोण सोडतो?

"आधी खर्च आवरा म्हणावं," भाऊ गरजायचे. "कर वाढवायला काय अक्कल लागते? लोकांच्या खिशात हात घातला की झालं!"

"आणि दवाखाने काय हवेवर चालवायचे? अहो, खड्डा माती टाकून बुजतो, फावडं विकून नाही."

"तुला अर्थकारण कळत नाही."

"तुम्हाला कळतं ना? मग डाळ कितीला आणलीत ते सांगा."

इथे टीव्हीचा आवाज मोठा व्हायचा.

अशात आमच्या सोसायटीचीच गंगाजळी आटली. खजिनदार व्हायला कुणी तयार होईना. भाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "महिन्याची वर्गणी एका पैशाने वाढवणार नाही. शब्द देतो!" टाळ्यांचा कडकडाट. सगळ्यांत जोरात वाजवल्या त्या तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी.

मग कात्री चालली. जिन्यातला एकाआड एक दिवा गेला. झाडणारी बाई एकाआड एक मजला झाडू लागली. नेमका दिवा नसलेला मजलाच ती गाळायची, म्हणून घाण दिसायची नाही. भाऊंनी हेही स्वतःच्या हुशारीत धरलं. आणि लिफ्टवर पाटी लागली: 'लिफ्ट फक्त वर जाण्यासाठी. उतरायला काही लागत नाही.'

महिना गेला. विजेचं बिल तसूभर हललं नाही. भाऊ टॉर्च घेऊन मीटरची खोली हुंगत फिरले. कुणीतरी वीज चोरतंय, अशी त्यांची खात्री. शेवटी ते वर आल्यावर वहिनींनी दारातच विचारलं, "अहो, माणसं वर सोडून लिफ्ट परत खाली येते ना? ती काय जिन्याने येते?"

भाऊंनी टॉर्च विझवला. मग म्हणाले, "रिकामी येते. तेवढंच ओझं कमी."

मी दार लावून घेतलं. हसू आवरेना.

पण पुढे झालं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. 'चालतेय की, मग तपासायची कशाला?' म्हणून भाऊंनी लिफ्टची देखभालही कापली होती. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या लिफ्टने घरी आल्या आणि त्याच आठवड्यात लिफ्ट बसली. दोर झिजलेला. नवा घातल्याशिवाय चालवायची नाही, असं सांगून मेकॅनिक कुलूप घालून गेला. नव्या दोरापुरते पैसे तिजोरीत नव्हते. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी वहिनींना जिना चढउतार करायला सक्त मनाई केलेली. आणि रविवारी त्यांच्या जुन्या शाळेतल्या मुलींच्या धावण्याच्या शर्यती! वर्षभर मैदानावर खुर्ची टाकून वहिनींनी ज्या पोरींना पळवलं, त्या पळणार आणि बाई पाचव्या मजल्यावर कोंडलेल्या.

भाऊंचं तोंड एवढंसं झालं. पण दिलेला शब्द!

अंगणात सभा भरली. भाऊ उभे राहिले, घसा खाकरला आणि नव्या दोराचा खर्च तेवढा वाचून दाखवला. दातांचे डॉक्टर म्हणाले, "लिफ्ट भंगारात काढा. खर्चच मिटला! मी तळमजल्यावर राहतो, तिचं तोंडसुद्धा बघत नाही. मी का म्हणून जादा भरू?"

फुर्र्र! वरून शिट्टी वाजली. सगळ्यांच्या माना वर. पाचव्या मजल्याच्या गॅलरीत वहिनी उभ्या.

"डॉक्टरसाहेब, बरोबर बोललात!" चार मैदानांना पुरेल असा आवाज. "चोर काही पाच मजले चढून माझ्याकडे येणार नाही. पहिलं दार तुमचं. तेव्हा वॉचमनचा पगार उद्यापासून तुम्ही एकट्याने द्या!"

डॉक्टरांचा जबडा उघडाच राहिला. दुसऱ्यांना 'आऽ करा' म्हणण्यात जन्म गेलेला माणूस तो!

"आणि अहो खजिनदार! मी रविवारी मैदानावर जाणार की नाही, तेवढं बोला."

आपलेच दात, आपलेच ओठ. भाऊंनी वर पाहिलं, मग चपलेकडे पाहिलं. "वर्गणी वाढवावी लागेल," ते म्हणाले. "मी शब्द मोडतोय. देखभाल कापून इमारत स्वस्त होत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं." लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात त्यांचे हात पुन्हा शिवशिवले. "मात्र सभेतली चहा-बिस्किटं आजपासून बंद!"

मग जो काय गलका झाला म्हणता! वर्गणीला मुकाट माना डोलावणारे बिस्किटांसाठी हमरीतुमरीवर आले. पण भाऊ हटले नाहीत.

शनिवारी दोर बसला. रविवारी सकाळी वहिनी काठी टेकत लिफ्टमध्ये शिरल्या, मागोमाग मीही. पाटी गायब होती. खिळा तेवढा उरला होता. भाऊ खुर्ची काखोटीला मारून बाहेरच उभे.

"या ना आत," वहिनी म्हणाल्या.

"खुर्ची ने तू. उतरायला काही लागत नाही," असं म्हणून त्यांनी खुर्ची आत सरकवली आणि जिना धरला.

आम्ही खाली पोचलो, खुर्ची उघडली, वहिनी ऐसपैस बसल्या. बऱ्याच वेळाने भाऊ धापा टाकत शेवटची पायरी उतरले. वहिनींनी शिट्टी फुंकली.

"शेवटचा नंबर," त्या म्हणाल्या. "चला आता, पोरी वाट बघतायत."