वेंगुर्ल्याच्या घरासाठी लालबागला

बंदराच्या रस्त्यावरचं शेट्यांचं घर पाडून त्याचं लाकूड विकणार, अशी बातमी वेंगुर्ल्यात आली आणि बाबांनी त्याच संध्याकाळी मुंबईला जायचं ठरवलं.

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. त्या घराची चित्रं काढण्यात त्यांच्या किती सुट्ट्या गेल्या असतील! जांभ्याचं उंच जोतं, फणसाचे काळेभोर खांब, त्यांवर कोरलेले पोपट, तुळईला उलटी लोंबणारी लाकडी केळफुलं. घर टिकवावं, गावाचं वाचनालय तिथे न्यावं, ही त्यांची इच्छा. घराच्या मालकीणबाई, भामाकाकी, विधवा झाल्यावर मुंबईला गेल्या होत्या आणि लालबागला गिरणी कामगारांची खानावळ चालवत होत्या. "समोर बसून बोललं की वहिनी ऐकतील," बाबा म्हणाले. मी एकोणीस वर्षांची. मुंबई बघायला मिळेल म्हणून मीही निघाले.

आज तुम्ही सावंतवाडीहून आगगाडीने सहज जाता. तेव्हा आम्हाला बोटच. डेकचं तिकीट काढायचं, पडावातून खोल पाण्यातल्या बोटीपर्यंत जायचं, वळकटी पसरायची आणि बोट लागू नये म्हणून आवळा चघळत पडून राहायचं. बाबांनी चित्रांची गुंडाळी उशाशीही ठेवली नाही, छातीशी धरून झोपले.

भाऊच्या धक्क्यावर उतरलो तर हरताळ. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. ट्राम नाही, घोडागाडी नाही. रे रोडवरून काळाचौकीकडे चालत निघालो. गिरण्यांची धुराडी थंड, दुकानांच्या फळ्या लावलेल्या, रस्त्यात सोड्याच्या बाटल्यांच्या काचा. एका चाळीच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "ओ पाव्हणे, पुढं पोलीस हायत! पोरीला घेऊन आतल्या गल्लीनं जावा." मुंबई बघायची माझी हौस तिथेच विरली.

भामाकाकींची खानावळ म्हणजे चाळीतली तळमजल्याची एक खोली. आम्हाला बघून त्यांनी आधी पाण्याची बादली पुढे केली. बाजार बंद होता, तरी कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा पानात पडला. जेवण होईपर्यंत घराचा विषय त्यांनी निघू दिला नाही.

मग बाबांनी जमिनीवर चित्रं पसरली. काकी वाकून बघत होत्या.

"छान काढलंत, मास्तर. पण हे सगळं ओटीवरनं दिसतं ते. माजघरामागची खोली खंय?"

"तिथे मी कधी गेलो नाही, वहिनी."

"तुमका कोण नेणार? बाळंतिणीची खोली ती." काकी खाली बसल्या. "खिडकी नाय, झरोका नाय. शेगडीचा धूर आतच. माझी दोन पोरं त्या खोलीत गेली. दुसऱ्या वेळेला मी सासऱ्यांच्या पाया पडले, भिंतीला एक भोक पाडा म्हटलं. ते म्हणाले, कोरीव तुळई त्याच भिंतीवर टेकलीय, भिंतीला हात लावायचा नाय."

बाबा चित्रातल्या तुळईकडे बघत राहिले.

"वाचनालय झालं तर आपण तिथे खिडकी पाडू," ते शेवटी म्हणाले.

"आता कोणासाठी?" काकींचा आवाज चढला नाही. "ठेकेदाराला मी कधीच होकार दिला. कौलं उतरली असतील. तुम्ही गावचे माणूस, इतक्या लांबून आलात, उपाशीपोटी कसं सांगणार होते?"

हरताळ संपेपर्यंत आम्ही त्यांच्याकडेच राहिलो. बाहेर घोषणा चालायच्या, मधेच पळापळ व्हायची, काकी दार लावून घ्यायच्या. बाबांनी घराचा विषय पुन्हा काढला नाही. ते खोलीच्या कोपऱ्यात तांदूळ निवडत बसायचे. निघताना काकींनी आमच्यासोबत भाकऱ्या बांधून दिल्या आणि बाबांना म्हणाल्या, "राग धरू नका." बाबांनी हात जोडले.

वेंगुर्ल्याला उतरल्यावर बाबा घरी न येता थेट बंदराच्या रस्त्याने गेले. मी मागोमाग. छप्पर उतरलं होतं. केळफुलं अंगणात गवतावर रचून ठेवली होती, गाडी यायची होती. बाबा त्यांच्याजवळ थांबलेच नाहीत. माजघर ओलांडून ते मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी गेले. वरून ऊन थेट आत पडलं होतं आणि चारही भिंती काजळीने काळ्या होत्या. बाबा आत दोन पावलं गेले, भिंतीला हात लावला आणि काळा झालेला तळवा बघत बाहेर आले.

आज तिथे लॉज आहे, समोर गाड्या लावायला ऐसपैस जागा आहे. वेंगुर्ल्याला गेलात तर तिथे उतरालही. अशा केळफुलांचं घर मात्र मला त्या गावात पुन्हा दिसलं नाही, आणि त्याचं दुःख अजून जात नाही.

बाबांनी म्हातारपणी एकदा विचारलं, "ते घर राहायला हवं होतं, नाही का गो?" मी लगेच "हो" म्हटलं. त्यांना बरं वाटावं म्हणून. ते म्हणाले, "भामावहिनींसमोर म्हणाली असतीस?"