काकडीच्या शेतातली वाट

बोरिवलीत आमच्या सोसायटीच्या फाटकाशी जंगलातल्या पाड्यावरची एक बाई पावसाळाभर काकड्या विकते. नाव मी कधी विचारलं नाही. ढिगातली एक काकडी कापून ती आधी स्वतः चाखते, मगच तराजू उचलते.

श्रावणातल्या पूजेसाठी माझ्या यादीत पाच किलो होती. तिच्याकडे तीनच निघाली.

"मावशी, यंदा शेत वाढवलंस ना?"

"वाढवलं. पण मधला पट्टा मोकळा ठेवलाय."

"का? तिथेही लाव की वेल!"

"तिथनं बिबट्या जातो, ताई. या रानातून त्या रानात. पट्टा पेरला तर इकडनं जाईल." तिने आमच्या फाटकाकडे बघितलं. "तुमचा वॉचमन जागा असतो ना?"

वॉचमन खुर्चीत घोरत होता. मी यादीत पाचाचे तीन केले आणि खाली गाजर लिहिलं.