आठवीच्या तासाला घेतलेली दोन नावं

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या हायस्कूलमध्ये शबनम मॅडम इतिहास शिकवतात. फळ्यावरचं अक्षर मोठं आणि स्वच्छ, आवाज मात्र बारीक. मागच्या बाकांना ऐकू जावं म्हणून त्या वर्गभर फिरत शिकवतात. सनावळ्या पाठ करून घेण्यावर त्यांचा भर नसतो. एखादा कायदा कोणी केला यापेक्षा, तो झाल्यावर आपल्याकडची माणसं कशी जगायला लागली, हे त्या पोरांना विचारत बसतात. पण आठवीच्या पुस्तकातला हैदराबाद मुक्तिसंग्राम आला की हेच शिकवणं बदलून जायचं. एका तासात तो भाग उरकायचा, प्रश्नोत्तरं लिहून द्यायची आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. बरीच वर्षं असं चाललं होतं.

त्याचं कारण पुसेगावात होतं, त्यांच्या माहेरी. त्या स्वतः आठवीत असताना गुरुजींनी हाच भाग वाचायला घेतला. ‘रझाकार’, निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळीवाल्यांचा हा शब्द आला आणि सगळा वर्ग मागं वळून त्यांच्याकडे बघायला लागला. वर्गात मुसलमानाचं पोर त्या एकट्याच होत्या. त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. पुढं मात्र एका पोरानं तोच शब्द त्यांना हाक मारायला वापरला आणि तो वर्षभर पुरला.

शबनमनं वडिलांना विचारलं. खाजा मिया पिंजारी, गाद्या-रजया भरायचं काम. कापसाचे पुंजके अंगावरून झटकत ते ओसरीवर बसले आणि त्यांनी काही लपवलं नाही. त्यांचा चुलता दस्तगीर रझाकारांत गेला होता. गावातल्या सटवाजी नावाच्या शेतकऱ्यानं घरात तिरंगा ठेवलाय, ही खबर त्यानंच टोळीला दिली. टोळी आली. सटवाजीला खळ्यावरून ओढून नेलं आणि ओढ्याकाठी गोळी घातली. पुढं हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य संपलं, दस्तगीर पळाला तो कायमचाच. मग बाहेरगावचे काही लोक दस्तगीरला शोधत आले. तो सापडला नाही म्हणून त्यांनी त्याच्या भावाला, मेहबूबला नेलं. मेहबूबनं जन्मात कापूस पिंजायच्या धनुकलीशिवाय काही हातात धरलं नव्हतं. त्याचं प्रेत विहिरीत सापडलं. मेहबूब म्हणजे खाजा मियांचे वडील. खाजा मिया तेव्हा पाळण्यातून नुकतेच उतरले होते.

सगळं सांगून झाल्यावर ते आपल्या दखनीत एवढंच म्हणाले की हे शाळेत बोलायचं नाही. शबनमनं ते पाळलं. पुढं हिंगोलीच्या कॉलेजात तिनं इतिहासच घेतला. बी. एड. झालं, लग्न झालं, गोरेगावात शाकीरच्या शिलाईच्या दुकानामागं संसार थाटला, त्याच गावात नोकरी लागली. तरी ते पाळणं सुटलं नाही.

दोन वर्षांमागं आठवीच्या वर्गात आफिफा नावाची मुलगी होती. हुशार, उत्तर येत असलं तरी हात अर्धाच वर करणारी. सतरा सप्टेंबरचं, मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं, तो भाग शिकवून झाला आणि आफिफा शाळेत यायची थांबली. मॅडम तिच्या घरी गेल्या. आई सांगायला तयार नव्हती. शेवटी आफिफाच म्हणाली की पोरं रोज विचारतात, तुझा आजा कोणत्या टोळीत होता? तिचे आजोबा त्या काळात जन्मलेही नव्हते.

मॅडम घरी आल्या आणि त्या दिवशी त्यांना स्वयंपाक सुचला नाही. आपण एका तासात धडा उरकतो, आणि उरलेला धडा पोरं मैदानात आपली आपण शिकतात, हे त्यांना दिसलं. त्यांनी शाकीरला सांगितलं की मी वर्गात आमच्या घरचं सांगणार आहे. शाकीर शिवता शिवता थांबला. तो म्हणाला, सांग, पण त्यातलं अर्धं तुझं नाही. ते सटवाजीच्या घरचं आहे.

हे खरं होतं. सटवाजीचा मुलगा अमृतराव पुसेगावातच होता, ऐंशी पार केलेला. रविवारी मॅडम माहेरी गेल्या. खाजा मियांनी ऐकून घेतलं. त्यांनी अख्ख्या गावाच्या गाद्या भरल्या होत्या, पण अमृतरावाच्या घरानं त्यांना कधी बोलावलं नव्हतं आणि तेही कधी गेले नव्हते. भांडण असं नव्हतं. समोरासमोर आले तर दोघंही वाट सोडायचे, एवढंच. शेवटी ते उठले, टोपी घातली आणि म्हणाले, चल, मीही येतो.

अमृतराव ओट्यावर बसला होता. नातीनं, ऐश्वर्यानं, पाणी आणून दिलं. मॅडमनी काय सांगायचंय आणि का सांगायचंय ते नीट सांगितलं. आफिफाचंही सांगितलं. दस्तगीरचं नाव घेताना त्यांचा आवाज आणखी बारीक झाला, पण त्यांनी ते घेतलं.

अमृतराव मॅडमशी बोललाच नाही. तो खाजा मियांकडे बघून बोलला.

“खाजा, तुह्या बापाला विहिरीतून काढलं तवा म्या तिथं व्हतो. मायनं मला हाताला धरून नेलं व्हतं. म्हणली, बघ, फेडलं देवानं. मला तवा बरं वाटलं. लेकरूच व्हतो. पण पुढं लई वर्सं बरंच वाटत राहिलं.”

ऐश्वर्या दारातच उभी राहिली.

“मोठा झाल्यावर कळलं, का तो टोळीत नव्हताच. तवापासून तुही वाट सोडून राहिलो. राग नव्हता. तोंड दाखवायला न्हाई व्हत व्हतं.”

खाजा मियांचे हात मांडीवर होते, ते तसेच राहिले. चुलत्यानं जे केलं त्याची लाज आयुष्यभर त्यांनी एकट्यानं वाहिली होती. अमृतरावाच्या घरात आपल्या बापापायी कोणी झुरत असेल, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

मग अमृतराव मॅडमकडे वळला. “सांग पोरी. पण एक ध्यानात ठेव. गावातल्या एका माणसाला मारलं, असं म्हनू नको. माह्या बापाचं नाव घे. सटवाजी.”

“घेते, आबा.”

“आन् मेहबूबचंबी,” खाजा मिया म्हणाले. मुलीला गप्प बसायला सांगणारा तोच आवाज होता.

आफिफाच्या आईला मॅडमनी गळ घातली की एक दिवस मुलीला पाठवा, पटलं नाही तर मी आग्रह करणार नाही. आफिफा आली आणि दाराजवळच्या बाकावर बसली. मॅडम त्या दिवशी वर्गात फिरल्या नाहीत. फळ्यापाशी उभं राहून त्यांनी निजामाचं राज्य, शेतकऱ्यांवरचा जुलूम, सत्याग्रह, रझाकार, फौजेचं येणं, हे सगळं पुस्तकाप्रमाणं सांगितलं. मग दोन नावं लिहिली, सटवाजी आणि मेहबूब. दोघांचं काय झालं ते सांगितलं. दस्तगीर आपल्या घरातला, हेही सांगितलं. मेहबूब आपला आजा, हे शेवटी.

सुरज नावाचा मुलगा, आफिफाला विचारणाऱ्यांतला, उभा राहिला. त्यानं विचारलं, “मॅडम, मग रझाकार वाईट व्हते का न्हाई?”

“होते,” मॅडम म्हणाल्या. “दस्तगीरनं केलं ते पापच होतं. आणि ज्यांनी मेहबूबला मारलं त्यांनीही पापच केलं. एकानं दुसरं पुसलं जात नाही, सुरज. दोन्ही लिहून घे.”

त्यानं लिहून घेतलं. आफिफा दुसऱ्या दिवशीही शाळेत आली.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. एका पालकानं मुख्याध्यापकांकडे तक्रार केली की बाई पोलीस ॲक्शनला, म्हणजे फौजेच्या त्या कारवाईला, नावं ठेवतात. इकडे शाकीरच्या दुकानात काही जण येऊन विचारून गेले की जुनी घाण चव्हाट्यावर आणून तुमच्या बायकोनं काय मिळवलं. एका घरानं ईदचे कपडे शिवायला दुसरीकडे टाकले. मॅडम दोन्हीकडचं ऐकत राहिल्या. मुख्याध्यापक भावसिंग राठोड यांनी त्यांना बोलावून घेतलं. रागावले नाहीत, पण पुस्तकाबाहेर जायचं असेल तर मला आधी सांगत जा, म्हणाले. पुढच्या वर्षी तो धडा आला तेव्हा ते स्वतः शेवटच्या बाकावर येऊन बसले आणि तास संपेपर्यंत ऐकत राहिले. तक्रारीचं पुढं काही झालं नाही. आफिफाला मात्र अजूनही कधीमधी कोणी टोचतं. आता ती पूर्ण हात वर करून मॅडमना सांगते.

यंदा थंडीत खाजा मिया वारले. दफनाला बाया जात नाहीत, त्यामुळं तिथं काय झालं ते मॅडमना शाकीरकडून कळलं. माती द्यायला लोक रांगेनं पुढं येत होते, त्यात अमृतराव होता, काठी टेकत आलेला. त्याला काय करायचं ते माहीत नव्हतं. शेजारच्यानं सांगितलं तशी त्यानं तीन मुठी माती टाकली. लोक पांगले तरी तो उभाच होता. शाकीरनं घरी सोडतो म्हटलं, तर अमृतरावानं हातानंच नको म्हणून सांगितलं आणि सावकाश एकटाच चालत गेला.